किलोमीटर एकशे त्रेचाळीस

वाहिनीच्या शेजारी, हातभर अंतरावर,
केसाएवढी काच पुरली आहे.
सेकंदाला हजारदा मी तिच्यात उजेड सोडते
आणि जे परत येते ते वाचते.
मी म्हणजे, यंत्र सोडते.
मी फक्त रात्रपाळीला असते, रुस्तावीत,
दुसऱ्या मजल्यावर, कॉफीचे डाग पडलेल्या टेबलाशी.

पडद्यावर निळे ओघळत राहते,
वर आत्ता, खाली मघाशी.
तिरकी जाड रेघ म्हणजे मालगाडी.
ट्रॅक्टर अडखळत येतो, दारू प्यायल्यासारखा.
कुदळ ठिपके पाडते. कुदळीला आम्ही घाबरतो.
आणि गळती?
ती ओरडत नाही, असे शिकवले आम्हाला.
ती एकाच जागी कुजबुजते, न थकता,
आणि भोवतीची माती गार पडत जाते,
अर्धा अंश, एक अंश,
ताप उतरावा तशी.

दाबाचा हिशेब पलीकडच्या खोलीत, झुराबकडे.
इकडून इतके निघाले, तिकडे इतके पोचले,
मधले कुठे गेले?
घरात तो दुधाचाही हिशेब असाच मागतो,
त्याची बायको सांगत होती.

पूर्वी कसे कळायचे, मी गुरामला विचारले.
बत्तीस वर्षे तो लाइनवर पायी हिंडला.
म्हणाला, गवत पिवळे पडायचे.
कडेला उंदीर मरून पडलेले दिसायचे.
मग जरा थांबून:
पुष्कळदा कळायचेच नाही.

त्साल्काच्या पठारावर, एकशे त्रेचाळीसला,
उन्हाळाभर पहाटे पाच दहाला मेंढ्या उतरतात.
सुपातून बाजरी सांडावी तसे खूर,
आणि त्यांच्या मागे एक माणूस:
पाऊल, काठी, पाऊल.
पाऊल, काठी, पाऊल.
डावा पाय किंचित उशिरा.
यंत्र लिहिते: जनावरे. दुर्लक्ष करा.
दोन उन्हाळे मी दुर्लक्ष केले,
रोज, अगदी लक्ष देऊन.

मग सप्टेंबरात एकदा
मेंढ्या पुढे गेल्या.
पाऊल, काठी,

आणि नाही.

अकरा मिनिटे.
माती गार नाही. दाब जागच्या जागी.
थांबलेल्या माणसासाठी नियमावलीत रकाना नाही,
मी दोनदा पाहिले.
गस्तीला फोन लावला.
काय दिसतंय, त्यांनी विचारले.
काहीच नाही, म्हणूनच, मी म्हटले.

गाडी पोचली तेव्हा तो दगडावर बसला होता.
बुटातला खडा काढून झाला होता,
आता पाव आणि चीज चालले होते.
नाव मेहरअली. वय विचारले तर हसला.
कोणी पाठवलं तुम्हाला?
एका बाईनं, ड्रायव्हर म्हणाला,
ती तुमचे पाय ऐकते.
म्हातारा बराच वेळ जमिनीकडे बघत राहिला.
मग त्याने टाचा उचलून अलगद बाजूला ठेवल्या,
कोणी झोपलेले असावे तशा.

अहवालात मी लिहिले:
खोटा इशारा. कारण: माणूस.
साहेबांनी डिझेलचा खर्च विचारला.

दुसऱ्या पहाटे पाच दहा.
बाजरी सांडली. पाऊल, काठी, पाऊल,
आणि नेमका तिथेच उभा राहून
काठीचे तीन ठोके.
पडदा लाल: खोदकामाची शक्यता.
मी लाल बंद केला.
तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी पुन्हा.
झुराब म्हणाला, सेन्सर बदलायला सांगू का?
नको, म्हटले, बरा आहे.

ऑक्टोबरात कळप खाली गेले.
आता पठारावर बर्फ आहे,
निळ्यात निळे, मैलोन् मैल.
पाच दहाला मी कॉफीचा कप खाली ठेवते.
काय बघतेस, झुराब विचारतो.
एकशे त्रेचाळीस.
काय झालं तिथे?

काही नाही, मी म्हणते,
तुझा हिशेब जुळतोय ना?
जुळतोय, तो म्हणतो, शेवटच्या थेंबापर्यंत.